जागेवाल्याची परवानगी

शंकरनं करवत फळीवर ठेवली आणि म्हणाला, "ताजूभाय, ह्या झाड माझ्यान तोडवूचा नाय."

ताजुद्दीन मुकादमानं टेप गुंडाळता गुंडाळता त्याच्याकडे पाहिलं. सकाळचे नऊच वाजले होते, पण मे महिन्यातलं सौदीतल्या यान्बूचं ऊन ते. आत्ताच मानगुटीवर बसलं होतं. समुद्राकाठचं हे राखीव रान सगळं तिवरांचं. चिखलातून खुंट्यांसारखी वर आलेली मुळं, त्यांच्यामधून धावणारे खेकडे, उथळ पाण्यात उड्या मारणारे निवटे, आणि पलीकडे भरतीची वाट बघत एका पायावर उभे असलेले रोहित पक्षी. गावची खाडीच उचलून आणावी तसं सगळं. माड तेवढे आणायचे राहिले होते.

या रानातून कंपनी लाकडी वाट बांधत होती. साहेब तिला बोर्डवॉक म्हणत, शंकर साकव म्हणे. उद्या साहेबलोकांची बायकामुलं पक्षी बघायला येणार होती. काम बारा फूट उरलं होतं, आणि त्या बारा फुटांच्या बरोबर मधे एक तिवर उभं होतं. तिवरावर बगळ्याचं घरटं, घरट्यात दोन पिल्लं.

"परवानगी आसा," ताजुद्दीन म्हणाला. "शिक्को मारलेलो कागद आसा गाडीत. एक झाड तोडूचा म्हणान."

"ती कागदाची झाली. जागेवाल्याची खंय आसा?"

दुसऱ्या कुणाला हे बोलणं वेडेपणाचं वाटलं असतं. पण कोकणात जमिनीचा मालक वेगळा आणि जागेवाला वेगळा. मालकाचं नाव कागदावर असतं. जागेवाल्याला नाव नसतं, मूर्ती नसते, तो नुसता राखणीला असतो, आणि त्याला विचारल्याशिवाय देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. विचारायचं म्हणजे गाऱ्हाणं घालायचं. एकानं मोठ्यानं बोलायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हणणारं कुणी नसेल तर गाऱ्हाणं पोचत नाही. शंकरचा बाप गावात हेच करी. शंकरनं स्वतः आजवर कधी केलं नव्हतं.

ताजुद्दीनला हे सांगायची गरज नव्हती. तो शंकरच्याच गावच्या खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातला. सौदीत त्याला अठरा वर्षं झाली होती आणि अठरा वर्षांत त्याचं माप एकदाही चुकलं नव्हतं. त्याचा आकडा वेगळा आला तर इंजिनियर मुकाट्यानं स्वतःचा खोडत. या गोष्टीचा त्याला ताठा होता, आणि तो त्याला शोभतही होता.

"तू हंय सुतारकामाक इलंस की गुरवकीक?"

"पगार सुतारकामाचो. गुरवकी फुकट."

ताजुद्दीन हसला नाही. त्यानं फाटकाकडे पाहिलं. चौकीदार गाडीत एसी लावून पेपर वाचत होता. बरोबरचे दोघे नेपाळी फळ्या आणायला गेले होते. "उघड्यार असला काय करू नको, शंकर. हंय दुसऱ्या धर्माची पूजा चालणा नाय. कोणी बघल्यान तर खलास. दोघांचोय इकामो जायत, गावाक परत धाडतले."

"हात जोडणंय नाय. नुसता बोलतंय."

आणि ताजुद्दीननं नको म्हणायच्या आत तो झाडाकडे तोंड करून बोलायला लागलासुद्धा. आवाज लहान ठेवला होता, पण चाल बापाचीच होती.

"बा जागेच्या धन्या, तुझा नाव माका म्हायत नाय, तुझी बोली माका येणा नाय, तरीपण तुझ्या रानात उभो रवान सांगतंय रे म्हाराजा..."

तो थांबला. गावात या क्षणी पन्नास गळे एकदम उठले असते. इथं एक खेकडा बिळात गेला, बस्स.

"उद्या लेकरां येतली, तेंका तुझी पाखरां दाखवूची म्हणान आमी हो साकव घातलो, आता बारा फूट रवलो रे म्हाराजा..."

पुन्हा थांबला. ताजुद्दीन टेपच्या डबीवरचा चिखल अंगठ्यानं पुसत होता. आता हा तोडायची परवानगी मागणार, मग करवत उचलणार, अकरापर्यंत काम उरकणार, असा त्याचा हिशोब होता.

शंकरनं घसा खाकरला. चाल तीच राहिली. "पण पाखरां दाखवूक पाखराचाच घर मोडूचा, ह्या माका पटणा नाय. माझो अधिकार नाय. अधिकार ताजूभायचो. साकव हात-दीड हात वळवलो तर झाड रवात, पिल्लां रवतली. तेच्या मनात तेवढा घाल, आणि त्यापायी तेका कोणाची बोलणी खावची लागू नयेत रे म्हाराजा..."

आणि तो थांबला. या वेळी वळून पाहायची त्याची हिंमत झाली नाही. बगळी पाण्यावरून आली, माणसं पाहून एक घिरटी मारली, आणि मग घरट्यावर उतरली. पिल्लांनी कलकलाट केला. फाटकाशी गाडीचं दार उघडून पुन्हा लागल्याचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा," ताजुद्दीन म्हणाला.

हळूच म्हणाला, पण म्हणाला. मग खाली वाकून त्यानं कालच ताणून ठेवलेली आखणीची दोरी खुंटीवरून सोडवली आणि टेपचं टोक शंकरच्या हातात दिलं.

शंकरनं ते धरलं. डोळ्यांत आलेलं पाणी त्यानं घामाबरोबर बाहीला पुसलं. "सायबान इचारल्यान, हंयसर वाकडा कशाक, तर काय सांगूचा?"

ताजुद्दीन टेप सोडत मागे मागे जात होता. झाडाला वळसा घालून तो उभा राहिला, डोळे बारीक करून त्यानं आकडा पाहिला आणि कानावरची पेन्सिल काढली.

"सांगूचा," तो म्हणाला, "ताजुद्दीनचा माप चुकला."