लंडनहून आलेला माणूस

दाराची बेल वाजली तेव्हा बीआट्रिस डेरेकच्या शर्टाचं वरचं बटण लावत होती. तिने त्याला शेवटचं बजावलं. तारीख विचारली तर खोकायचं, पुस्तकाचं विचारलं तर नुसतं हसायचं. अडलास तर माझ्याकडे बघ.

डेरेकने मान हलवली.

याच डेरेक हॅलमला इंग्लंडच्या लोकांनी अकरा वर्षं टीव्हीवर पाहिलं होतं. दर गुरुवारी संध्याकाळी तो पोलीस इन्स्पेक्टर होऊन घराघरांत यायचा. चार-चार पानांचे संवाद एका दमात म्हणायचा, मागून कुणी शब्द पुरवायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. मग मालिका संपली. पन्नाशीच्या नटाला कुणी काम देईना, तेव्हा तो घरी बसून रहस्यकथा लिहू लागला. वसईहून नर्स म्हणून लंडनला गेलेली बीआट्रिस हॉस्पिटलातून आली की त्याची पानं टाइप करायची. अशा सात कादंबऱ्या झाल्या. मुलगी हेझल मार्कहॅमला नोकरीला लागली, तशी दोघं तिच्यामागोमाग कॅनडात आली आणि व्हिटबीत स्थिरावली.

गेल्या तीन वर्षांत मात्र डेरेकचं डोकं त्याला दगा देऊ लागलं होतं. आधी चष्मा सापडेना, मग साधेसाधे शब्द. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक कपाटावर त्याच्या अक्षरातल्या पिवळ्या चिठ्ठ्या लागल्या. एकदा शेगडी सकाळपासून दुपारपर्यंत तशीच चालू राहिली, तेव्हा हेझलने तिची बटणंच काढून नेली. बीआट्रिसने त्याची बाजू सावरून घेतली. म्हातारा माणूस, होतं असं. आठवी कादंबरी तो तुटक तुटक सांगायचा आणि ती जुळवून टाइप करायची. प्रकाशकाला हे कळलं असतं तर पुस्तक गेलंच असतं. हेझलला पुरतं कळलं असतं तर तिने बापाला नर्सिंग होममध्ये ठेवलं असतं. बीआट्रिसने अशी माणसं जन्मभर सांभाळली होती. तिथे गेलेली परत येत नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

आणि आज न्याहारीच्या वेळी डेरेकने सांगितलं होतं की लंडनहून एक जण येणार आहे, पुस्तकांबद्दल बोलायचंय.

दार हेझलने उघडलं. ती सकाळपासून इथेच होती. पस्तिशीचा एक माणूस बुटांवरचा बर्फ झटकत आत आला.

“नमस्कार काकू, मी उन्मेष. लंडनहून आलो. हायवेवर बर्फ नसता तर अडीच तासांत पोचलो असतो.”

मराठी ऐकून बीआट्रिस चपापली. तो मूळचा नागपूरचा निघाला. प्रकाशकाने मुद्दाम मराठी माणूस शोधून धाडलाय, आपल्याला बोलतं करायला, असं तिच्या मनात आलं आणि ती सावध होऊन डेरेकच्या खुर्चीला खेटून बसली.

उन्मेषला कसलीच घाई नव्हती. त्याने डेरेकशी इंग्रजीतून हवेच्या गप्पा काढल्या, मग सहज विचारल्यासारखं आज वार कोणता ते विचारलं. डेरेकने बीआट्रिसकडे पाहिलं.

“मंगळवार,” ती पटकन म्हणाली.

बाहेर शाळकरी मुलं सुटीच्या दिवसासारखी भर अकरा वाजता स्नोमॅन करत आरडाओरडा करत होती. उन्मेषने वहीत काहीतरी टिपलं. हेझल खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मग त्याने मोर्चा बीआट्रिसकडे वळवला. या कादंबऱ्यांच्या पहिल्या वाचक तुम्हीच, असं हेझल सांगत होती, तो म्हणाला. तर त्यांतल्या त्या डिटेक्टिव्हचं नाव काय?

नाव तिच्या अगदी ओठांवर होतं. हजारदा टाइप केलेलं नाव. पण या माणसाला संशय आलाय, खरं कोण लिहितं तेच तो हुडकतोय, अशी धास्ती तिने घेतली. तिने ग्लास उचलला, पाणी प्यायली, ग्लास खाली ठेवला. नाव काही येईना.

“थॉर्ल्बी,” डेरेक खणखणीत आवाजात म्हणाला.

तिचा जीव भांड्यात पडला. आज गडी तयारीत होता.

त्यानंतर उन्मेषने वसईचा विषय काढला, तशी ती खुलली. बापाची केळीची वाडी, विहिरीवरचा रहाट, चर्चच्या सणाला येणारे पाहुणे, पाच मावश्या आणि त्यांच्या पोरांची नावं, सगळं तिने धडाधड सांगितलं. तो मन लावून ऐकत राहिला. तिचं संपल्यावर त्याने विचारलं, की काकू, आज न्याहारीला काय केलं होतं? ती हसली. न्याहारीचा आणि पुस्तकांचा काय संबंध, म्हणाली. तोही हसला आणि त्याने वही मिटली.

तासाभराने तो निघाला. डेरेक त्याला पोचवायला गाडीपर्यंत गेला, तोही बोडक्या डोक्याने. इतका वेळ तिने त्याला सांभाळून नेलं होतं. आता एकटा सापडला की एका वाक्यात सगळं बाहेर पडेल. तिने खुंटीवरची त्याची टोपी घेतली आणि दाराकडे धावली.

“मम्मा, लेट देम टॉक,” हेझल आडवी येत म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते.

बीआट्रिसने तिला बाजूला सारलं आणि दार उघडलं. दोघं गाडीपाशी पाठमोरे उभे होते; गाडीच्या काचेवर कॅनडातल्याच लंडन शहरातल्या हॉस्पिटलचं स्टिकर होतं. डेरेक ताठ होता, दोन्ही हात कोटाच्या खिशात. बोलताना एकदाही अडखळत नव्हता.

“मी विसरल्याचं नाटक करतो, तोवर ती मला सांभाळत उभी राहते, डॉक्टर,” तो म्हणत होता. “पण मलाच ओळखेनाशी झाली, की मी कुठलं नाटक करू?”