मुठीतली किल्ली

"रातोरात घर सोडून पळायचंय. बरोबर काय घ्याल?" जगाचा इतिहास शिकवताना लिंडक्विस्टबाई दर वर्षी हा प्रश्न विचारायच्या.

"आमचा कुत्रा!" "मिस, चार्जर!" अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या त्या वर्गात खसखस पिकली.

"घराची किल्ली," बाई म्हणाल्या. "कुठलाही देश घ्या, पळणाऱ्यांच्या खिशात किल्ली सापडतेच. घर आपलंच आहे, येऊ चार दिवसांत, असं वाटतं प्रत्येकाला."

"आता किल्ली मागे ठेवतात, मिस," मूठ आवळून बसलेली येसेनिया पुटपुटली.

तास संपला, पोरं पांगली. येसेनियानं आधी वर्गाचं दार लावून घेतलं.

"काल इमिग्रेशनच्या पोलिसांनी मांसाच्या कारखान्यातून आमच्या शेजाऱ्यांना धरून नेलं, देशात राहायचे कागद नाहीत म्हणून. आमच्याकडेही नाहीत. उद्या आम्ही कुणीच घरी परतलो नाही, तर दार उघडून अंथरुणावरच्या आजीला कोण बघणार? आई म्हणाली, एक किल्ली मिसकडे देऊन ठेव."

तिनं मूठ उघडली. घामानं ओली झालेली किल्ली बाईंनी आपल्या जुडग्यात अडकवली.

"परत न्यायला येशील ना गं?"

"न यायला काय झालं, मिस? घर आमचंच तर आहे!"