सात नंबरची गाडी

"लाडू घ्या भिया, खजरान्याच्या गणपतीचा प्रसाद आहे," म्हणत मनीष शितोळे डबा घेऊन फिरत होता. हातोद रस्त्यावरच्या त्या छोट्या रेस ट्रॅकवर आज तो सगळ्यांच्या आधी पोहोचला होता. मेकॅनिक मंडळींना त्याने आग्रह करकरून लाडू दिले, वर समोरच्या टपरीवर चहाही सांगितला. एरवी हा माणूस कुणाला पाणी विचारायचा नाही. मंडळी खूश होऊन टपरीकडे गेली.

थोड्या वेळाने कौसल्याबाईंपाशी आल्यावर मात्र त्याने डब्याचं झाकण लावलं.

"तुम्ही लोक तर प्रसाद मानत नाही ना?"

"लाडू मानतो," म्हणत कौसल्याबाईंनी स्वतःच झाकण उघडून एक उचलला. "बोटांना काय लागलंय, मनीषजी?"

"घरचा नळ लीक होता. एमसीलची पुट्टी लावली."

"नळ तर अजून टपकतोय," त्याची बायको मधुरिमा मागून म्हणाली. "मी बालटी लावून आले."

"वाळायला टाइम लागतो," मनीष खेकसला आणि हात खिशात घालून पुढे गेला.

महूच्या कौसल्याबाईंची मुलगी पंचशीला आणि मनीषचा मुलगा उदय यांनी गाडीचं चाक एकाच वर्षी हातात धरलं होतं. आधी मॉलमधल्या भाड्याच्या गाड्या, मग स्वतःच्या कार्ट, म्हणजे छोट्या रेसच्या गाड्या, मग गावोगावच्या स्पर्धा. पंचशीला पहिली यायची आणि उदय दुसरा. मनीषला ती पोरगी डोळ्यांसमोर नको व्हायची. त्याचं पालुपद ठरलेलं होतं: पोरीत काही नाही, तिची गाडी चांगली आहे. उदयला हे वाक्य रोज पोळीबरोबर वाढलं जायचं, आणि त्यावरच तो मोठा झाला.

गेल्या वर्षी तर कहर झाला. भर रेसमध्ये उदयची कार्ट बंद पडली. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला सुईएवढं भोक असतं, त्यात चिखल गेला होता. आत हवा जाईना, त्यामुळे पेट्रोल उतरेना. अशी गाडी दोन-तीन फेऱ्या मजेत पळते आणि मग बसते, हे मेकॅनिकने मनीषला नीट समजावून सांगितलं. मनीषने तेही ऐकलं आणि मग सगळ्यांसमोर कौसल्याबाईंवर बोट रोखलं.

"हे तुमचंच काम आहे. महूवाल्यांना मशीन खूप समजते."

तेव्हापासून दोन्ही घरांत टोमण्यांपलीकडे बोलणं उरलं नव्हतं.

आज पुण्याची एक टीम इथल्या मुलांमधून एकालाच ज्युनियर फॉर्म्युलाच्या गाडीसाठी निवडणार होती. ती खरी रेसिंग कार. जागा एकच, आणि पुढच्या वर्षी उदय वयात बसणार नव्हता. सगळ्या कार्ट टीमच्याच, एकसारख्या. काल चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा पंचशीलाला सात नंबर निघाला आणि उदयला चार. कालच्या सरावात सात नंबर सगळ्यांत पुढे होता. "सेटिंग आहे ही!" म्हणून मनीषने आयोजक पंढरीनाथ सरांशी भर ट्रॅकवर तंटा केला होता.

आज मात्र तो लांब कठड्याला टेकून उभा होता.

"आज भांडायचं नाही?" मधुरिमाने विचारलं.

"जाऊ दे यार. होऊ दे रेस."

गाड्या रांगेत लागल्या. मुलं आपापल्या गाडीपाशी आली. तेवढ्यात उदयने हेल्मेट काढलं आणि तो सरळ पंढरीनाथ सरांकडे गेला.

"सर, मला सात नंबर पाहिजे. दरवेळी हिलाच चांगली गाडी कशी मिळते?"

"चुप बैठ, उदय!" मनीष कठड्यावरून ओरडला.

कौसल्याबाई पुढे आल्या. "चुप का? तीन वर्षं झाली, आमचे कान किटले. आज होऊनच जाऊ दे फैसला. काय गं?"

"घे ना," पंचशीला म्हणाली आणि सात नंबरपासून बाजूला झाली. "मी चार नंबरवर तुला हरवते."

"दोघं राजी असाल तर मला चालेल," पंढरीनाथ सर म्हणाले.

"नाही, नाही सर!" मनीष घाईने म्हणाला. "चिठ्ठीत निघालं ते निघालं. ऐन वक्ताला गाडी बदलणं अपशकुन असतो."

लोक हसायला लागले. मनीषचं पितळ उघडं पडलं असंच सगळ्यांना वाटलं. तिच्या गाडीवरही पोरगा हरला तर उद्यापासून हा माणूस बोलणार काय?

"क्या भिया," पंढरीनाथ सर म्हणाले, "काल या गाडीसाठी डोकं खाल्लंत माझं, आणि आज मिळतेय तर नको?"

उदय कठड्याजवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"पप्पा, तिची गाडी चांगली असते, तुम्हीच म्हणता ना? मग खोटं बोलत होता का इतके दिवस?"

मनीषने आजूबाजूला पाहिलं. पुण्याची माणसं बघत होती. कौसल्याबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"नाही बेटा," तो म्हणाला. "जा. घे सात नंबर."

झेंडा हलला. पहिल्या फेरीत उदय सगळ्यांच्या पुढे होता. दुसऱ्या फेरीतही. पंचशीला मागे पडली होती. पुण्याच्या माणसांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. मधुरिमाला आनंद आवरेना.

"बघा, बघा! तुम्ही म्हणत होता तेच खरं निघालं. गाडीचीच बात होती सगळी!"

मनीषने खिशातले हात बाहेर काढले. त्याच्या नखांतली राखाडी पुट्टी आता दगडासारखी कडक झाली होती. सकाळी मेकॅनिक टपरीवर चहा पीत असताना सात नंबरच्या टाकीच्या झाकणाचं भोक बुजवायला त्याला मिनिटही लागलं नव्हतं.