शांततेचा नमुना

दारात चपला काढल्या की कानांत त्या घराचे इअरबड घालायचे, ही आता सगळीकडची रीत. घरातला चिमुकला कॉम्प्युटर नको ते आवाज गाळून टाकायचा. भावाकडे आलेल्या चारुलतानेही ते घातले.

"बाबा कुठेत?"

"आत. झोपलेत वाटतं, आवाज नाही त्यांचा. ताई, तू आधी ही ठकठक बघ. कानातही येते, रेकॉर्डिंगमध्येही. वैताग आलाय नुसता," उन्मेष म्हणाला.

तिने वायर बदलली, माइक पंख्यापासून लांब नेला. ठकठक तशीच.

"कॉम्प्युटरला शांततेचा नमुना कसला दिलायस? त्यात असेल तेवढंच तो गाळतो."

"घरात कोणी बोलत नसतानाचा. बाबा आतून हाका मारत होते, तेवढंच."

तिने बड ओरबाडून काढले.

"अरे, कोणी आहे का रे?" आतून चिरका आवाज आला.

ती धावली. घाण झालेल्या अंथरुणात पडून बाबा रिकामा पेला पलंगावर आपटत होते. तिने आधी खिडकी उघडली. मागे वळून पाहिलं, तर उन्मेष नाक दाबून दारात उभा, बड अजून कानांतच.

"अच्छा, पेला होय!" तो म्हणाला. "मग टाक की तोही नमुन्यात."