वाकड्या नर्तकी

केझायाने बसवलेली तिसरी नर्तकीही वाकडीच निघाली. निळ्या फुलदाणीवर पांढऱ्या मातीच्या नाजूक ग्रीक नर्तकी चिकटवायच्या, एवढंच तिचं काम. पण त्याआधी झिलईच्या पिंपात वर्षानुवर्षं हात घालून अंगात शिसं भिनलं होतं आणि मनगट आता ऐकेनासं झालं होतं. मूर्ती टेकवताना हात हटकून घसरायचा. मग ती ओल्या कुंचल्याने कडा जीव ओतून गुळगुळीत करायची, निदान तेवढं तरी नीट दिसावं म्हणून.

हे कुणाला कळलं असतं तर कामावरून हकालपट्टी आणि पुढे बर्सलेम गावचा गरीबखाना, जिथे निराधारांना कोंडून राबवत. तिची आई तिथेच वारली होती. त्या दाराची केझायाला मरणाची भीती वाटे.

या खास मातीचं गुपित कारखान्याबाहेर जाऊ नये म्हणून त्यांच्या कामाच्या खोलीला दिवसभर कुलूप असे. किल्ली टनिक्लिफ मुकादमाकडे. रोज संध्याकाळी तो प्रत्येकीची फुलदाणी हातात घेई, तिच्यावरून सावकाश अंगठा फिरवी आणि निकाल देई. इतरांच्या बऱ्याच परत जात. अलीकडे केझायाची मात्र एकही गेली नव्हती.

शेजारची टॅबिथा त्यावरून धुसफुसत असे. "माझ्या बाया सरळ उभ्या, तरी परत. तुझ्या दारू ढोसल्यासारख्या झुलतात, तरी पास. म्हातारा काही फुकट मेहेरबानी करत नाही हो."

केझाया हसण्यावारी नेई. मनातून तिलाही तेच वाटे. त्याला सगळं ठाऊक आहे आणि एक दिवस तो वसूल करणार.

आज घंटा झाल्यावर त्याने तिला मागे थांबायला सांगितलं. बाकीच्या गेल्या, टॅबिथा वळून वळून बघत. मुकादमाने आतून कडी लावली. केझाया भिंतीकडे सरकली.

"उद्या मालक येताहेत," तो म्हणाला. "राणीसाहेबांसाठीच्या फुलदाण्या त्यांच्यासमोर निवडायच्यात." मग तो अगदी जवळ आला. "माझं एक काम करशील? कुणाजवळ बोलायचं नाही."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मी गरीबखान्यात."

"तुम्ही?" केझाया म्हणाली.

"हिवाळ्यापासून मला दिसत नाही, पोरी. चाचपून भागवतोय. इथे तुझ्याइतक्या गुळगुळीत कडा कुणाच्याच नाहीत, म्हणून तुलाच सांगतो. उद्या माझ्या शेजारी उभी राहा आणि एखादी नर्तकी वाकडी असली, तर हळूच माझ्या कानात सांग."