झोपेचं सोंग

गजर खणाणला आणि निजलेलं घर दचकून जागं झालं. किल्लीचं ते घड्याळ अवुओरच्या सासूने दिलेलं, डोक्यावर पितळेच्या दोन वाट्या. खालच्या मजल्यावरची माणसंही त्यावर उठायची आणि उठताना शिव्या द्यायची.

अकिन्यीने डोळे टक्क उघडले आणि लगेच अंग टाकून दिलं. हात पलंगाच्या कडेवरून लोंबला.

"झालं सुरू नाटक," खोलीच्या कोपऱ्यात नाचणीची पेज ढवळत अवुओर म्हणाली.

झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला कोण उठवणार? तिने येऊन लेकीच्या बगलेत गुदगुल्या केल्या. पोरगी ढिम्म. मग एकदम मोठा श्वास ओढून ती कुशीवर वळली आणि आपण खरंच झोपलो होतो, हे रोजच्यासारखं शपथेवर सांगू लागली. अकिन्यी म्हणजे सकाळी जन्मलेली. नाव सकाळचं आणि उठणं दुपारचं, असं आई तिला रोज चिडवायची. आज चिडवण्याइतकंही तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

हृदयाचा ठोका जिथे चुकतो तिथे त्याला पकडायचं, हे शिकायला अवुओर किसुमूहून नैरोबीला आली होती. नवरा तिकडे, लेक इकडे. अर्धं शिक्षण झालं तरी आलेखाचा कागद हातात आला की तिला घाम फुटायचा. मागच्या महिन्यात एका आजारी माणसाच्या कागदाला तिने निरोगी म्हटलं, तेव्हा शिकवणाऱ्या डॉ. मुटुआंनी बजावलं होतं, की आणखी एक चूक आणि परत साध्या वॉर्डात.

मटाटूच्या, त्या खचाखच भरलेल्या छोट्या बसच्या, गर्दीत उभ्या उभ्या ती मनातल्या मनात रेघा मोजत राहिली. दोनदा तिला वाटलं, घरी गॅस चालू राहिला. दोनदा स्वतःलाच समजावलं.

हृदयविभागाच्या दाराशी बाकावर नासराची आई बसली होती. सात वर्षांची नासरा शाळेच्या मैदानात कोसळली होती. पोरीने हट्टाने रोजा धरला होता, ऊन कडक होतं, त्यानेच झालं असेल ना, असं ती बाई भेटेल त्याला विचारत होती. अवुओरने तिच्या खांद्यावर हात ठेवला. बघू म्हणाली.

आत डॉ. मुटुआंनी दोन कागद टेबलावर टाकले. एक नासराचा. दुसरा तिच्याच वयाच्या धडधाकट पोरीचा, शेजारी ठेवून फरक कळावा म्हणून. वॉर्डात धडधाकट पोर कुठून आणणार? म्हणून काल शाळेला सुट्टी होती तर अवुओरने आपलीच लेक आणून सिस्टर न्याम्बुराच्या हवाली केली होती आणि स्वतः वॉर्डात पळाली होती. सिस्टरने नावं कापून ठेवली होती. डॉ. मुटुआंचा हा जुना नियमच, की नाव दिसलं की डॉक्टर रेघ वाचत नाही, गोष्ट वाचतो.

"हं, अकिन्यीची आई," ते म्हणाले. इथे बाईला लेकराच्याच नावाने हाक मारतात, डॉक्टर झाली म्हणून काय झालं. "आज कागद वाचणार की त्याची होडी करणार?"

बरोबर शिकणारा किप्रोटिच खाली मान घालून हसला.

पहिला कागद सुरुवातीपासून नितळ होता. दुसऱ्यावर रेघ आधी थरथरून काट्याकुट्यांसारखी झाली होती, मग सरळ धावली होती.

"पोरगी रडली असणार," किप्रोटिच पुटपुटला. "सिस्टरचे हात म्हणजे बर्फ."

अवुओरने ते काटेकुटे सोडून दिले. पुढच्या रेघेवर मोजणीचा कंपास टेकवला. पुन्हा टेकवला. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय विसावतं, तेव्हा पुढचा ठोका घेतं. इथे ते विसावायला फार वेळ घेत होतं. थोडाथोडका नाही, फार. तिने तो दुसरा कागद पुढे सरकवला.

"हा," ती म्हणाली. "हा आजारी आहे. जन्माचं दुखणं. अशा पोरांना दचकवायचं नाही. अचानक आवाज झाला की ताल तुटतो, पोर गळून पडतं. बहुतेक वेळा ताल आपोआप जुळतो, म्हणून घरच्यांना पत्ताच लागत नाही. आणि एखाद्या दिवशी जुळत नाही."

डॉ. मुटुआंनी कंपास घेतला आणि स्वतः दोनदा मोजलं.

"शाबास," मग ते म्हणाले. "सिस्टर उद्या नावं लावेल, पण ह्या कागदाला नावाची गरज नाही. पोरीला आज सोडू नका, उद्यापासून औषध सुरू करू. आणि अकिन्यीची आई, तुम्ही इथेच राहताय."

जाताना ती नासराच्या आईजवळ थांबली. रात्रभर पोरीला इथेच राहू द्या, सकाळी सगळं नीट सांगते, काळजी करू नका, असं म्हणाली. स्वतःचा आवाज तिला कितीतरी दिवसांनी डॉक्टरचा वाटला.

घरी येताना तिने गरम, गोडसर तळलेल्या मंडाझी घेतल्या. मायलेकींनी त्या चहात बुडवून खाल्ल्या. बाहेर अजून उजेड होता, पण सकाळची घाई नको म्हणून अवुओर घड्याळ मांडीवर घेऊन किल्ली देत बसली. दिवसभराची धाकधूक कुठल्या कुठे गेली होती. ती गुणगुणत होती.

"आई, माझा कागद सगळ्यांना दाखवलास?"

"दाखवला की. एकदम ठणठणीत पोर आहेस तू."

"मग माझं हसू दिसलं त्यांना?"

"कागदावर कुठलं हसू दिसायला, वेडे."

"दिसतं. सिस्टरने गार गार मलम लावलं ना, मला हसूच आवरेना. मग कागदावर आधी नुसते काटेच काटे आले. सिस्टर म्हणाली, हे बघ, हे तुझं हसू." तिने बोटाने हवेत काटे काढून दाखवले.

किल्ली अर्ध्यातच थांबली.

"सांग ना, आई. माझं हसू बघून डॉक्टर काय म्हणाले?"