हाक

गळ्याच्या दुखण्यात महिपतीचा आवाज कायमचा गेला. नाटक कंपनीनं त्याला गाणं सोडून हवायन गिटार वाजवायला सांगितलं. सोलापुरातल्या दुकानात तो एकेका गिटारीच्या तारेवर पोलादी कांडी फिरवून बघत होता. ना राग, ना चाल. खालून वर घसरत जाणारे तेच दोन सूर.

दुकानदार वैतागला. "ही पत्र्याची घ्या की! लई लांब ऐकू जाती."

महिपतीनं नकारार्थी मान हलवली आणि कोपऱ्यातली लाकडी गिटार मांडीवर घेतली. पुन्हा तेच दोन सूर.

समोर कासाराकडं पाठमोरी बसून बांगड्या भरून घेणारी त्याची बायको, सोजरबाई, मागं न बघताच जुन्या सवयीनं ओरडली, "आले की! वाईच दम धरा!"

आणि कासाराच्या हातातला तिचा हात तसाच राहिला.

महिपतीनं ती गिटार पुन्हा खाली ठेवली नाही.